लाल पाण्याचे कॅन घेऊन पनवेलला

पनवेलला मुद्दाम कुणी फिरायला जात नाही. कोकणात उतरताना किंवा मुंबई गाठताना ते लागतं, माणसं तिथं चहा पितात आणि पुढं जातात. मी मात्र पनवेललाच गेले, तिथं राहिले आणि परत आल्यापासून जो भेटेल त्याला तिथल्या गोष्टी सांगत सुटले आहे. आमचे हे शेवटी म्हणाले, "एकदा लिहून काढ, म्हणजे आम्ही सुटू." म्हणून लिहायला बसले.

आमचा इचलकरंजीजवळ कापड रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. हे यंत्रं बघतात, मी बाकीचं सगळं. रंगकामाचं उरलेलं पाणी आमच्या टाकीतून ओढ्याला जायचं. टाकीत गाळ बसायचा, रंग काही बसायचा नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाला दत्तूअण्णांची रोपवाटिका आहे. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं पंचक्रोशीत त्यांच्याकडूनच जातात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी गुलाबी झालं आणि रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. अण्णांनी प्रदूषण मंडळाकडं तक्रार केली. तिथल्या साहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं, दिलेल्या मुदतीत पाणी सुधारा, नाहीतर कारखान्याला कुलूप लागेल. त्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात एका बाजूला आमचे कामगार उभे होते आणि दुसऱ्या बाजूला रोपवाटिकेत काम करणाऱ्या बायका. त्यातल्या दोघी तर आमच्याच कामगारांच्या घरच्या.

मी साहेबांना म्हटलं, "पनवेलला एक इंजिनिअर बाई आहेत. त्या औषध आणि दिव्याच्या उजेडानं पाणी साफ करतात. मी आमचं पाणी घेऊन जाते आणि करून बघते."

अण्णा खुर्चीतून उठले. वय सत्तरीकडं झुकलेलं, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आवाज मात्र शेताच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. "दिव्यानं पाणी धुत्यात व्हय? मग मलाबी न्या, वैनी. आनि कॅन मी भरणार. तुमी न्हाई."

साहेब हसले, मीही हसले. अण्णा हसले नाहीत.

वाटेत

गाडी मी चालवत होते. अण्णा शेजारी पट्टा लावून, दारावरचा दांडा घट्ट धरून बसले होते. मागं पाण्याचे कॅन. ते त्यांनी आदल्या दिवशी स्वतः येऊन आमच्या पाइपाखाली धरून भरले होते आणि झाकणांवर चिकटपट्टी लावून त्यावर सही केली होती. साताऱ्यापर्यंत आमच्यात फारसं बोलणं झालं नाही. मी विचारायची, "एसी वाढवू का?" ते म्हणायचे, "राहू दे." एवढंच.

पुण्याच्या अलीकडं एका हॉटेलापाशी मिसळ खायला थांबलो. बाहेर आलो तर गाडीभोवती पाच-सहा माणसं जमलेली आणि त्यांच्या मधोमध एक हवालदार. गाडीच्या मागून लाल थेंब टपकत होते आणि खाली चांगलं थारोळं झालं होतं.

"गाडी कुणाची?" हवालदारांनी विचारलं.

"माझी."

"मागं काय आहे?"

मी "पाणी" म्हणाले आणि ते ऐकून जमलेल्यांतला एक जण दोन पावलं मागं सरकला.

मी डिकी उघडली. एका कॅनचं बूड चिरलं होतं. हवालदारांनी बोट बुडवून वास घेतला. मी घाईघाईनं रंग, कापड, पनवेल असं काहीबाही सांगत होते, पण माझं मलाच खरं वाटेना. तेवढ्यात अण्णा पुढं आले. "अवो, रगात न्हाई ते. ह्यांच्या कारखान्याचं पानी हाय. हेच माज्या विहिरीत येतंय. तुमाला नुसतं बगून घाबरल्यासारखं झालं, मी त्यावर रोपं जगवतोय."

हवालदारांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "मग तुम्ही दोघं एका गाडीत कसे?"

"भांडान मिटवायला चाललोय," अण्णा म्हणाले.

हवालदार हसत बाजूला झाले. हॉटेलवाल्यानं प्लास्टिकचा पिंप दिला. फुटलेल्या कॅनमधलं उरलेलं पाणी त्यात ओतताना अण्णांचा पायजमा गुडघ्यापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना. अण्णांनी खाली पाहिलं, मग तेही हसायला लागले. त्यानंतर गाडीत गप्पा थांबल्याच नाहीत. शालनकाकूंचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, त्यांच्याशी गेले दोन दिवस वाकडं होतं हेही मला कळलं. काकूंचं म्हणणं होतं की, कारखानावालीच्या गाडीत बसून जाणारा माणूस तक्रार काय करणार.

घाट उतरला आणि हवा बदलली. आमच्याकडं ऊन अंगावर येतं, इथं ते अंगाला चिकटतं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कळंबोलीच्या चौकात न्हावा शेव्याकडून आलेल्या कंटेनरांच्या रांगेत आम्ही अडकलो. एकेका गाडीवर आमच्या घराएवढी पेटी. अण्णा म्हणाले, "एवढं सामान कुटं जातंय?"

रोडपालीजवळची शेड

इंजिनिअर बाईंचं नाव शिरीन मुकादम. तिशीची, मूळची पनवेलचीच, डोक्यावर ओढणी आणि ओढणीवर काम करतानाचा जाड चष्मा चढवलेला. आधी मोठ्या कंपनीत होती, आता भाड्याची शेड घेऊन स्वतःच पाणी तपासते आणि यंत्रं बनवते. अण्णांचा पायजमा बघून ती म्हणाली, "सॅम्पल अंगावर घेऊन आलात की काय, चाचा?"

यंत्र बघून माझी थोडी निराशा झाली. मला वाटलं होतं, काहीतरी झगमगतं असेल. प्रत्यक्षात पुरुषभर उंचीचा स्टीलचा जाड पाइप, शेजारी टाकी, पंप आणि विजेची पेटी. पाइपाच्या आत काचेच्या नळ्या आणि त्यांत दिवे. तो उजेड डोळ्यांना आणि कातडीला वाईट, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. शिरीननं हातमोजे घातले आणि निळ्या कॅनमधलं औषध मोजून टाकीत सोडलं. कॅनवरचं नाव वाचून मी म्हटलं, "अहो, हे तर हायड्रोजन पेरॉक्साइड. सूत पांढरं करायला आम्ही हेच वापरतो."

"तेच," शिरीन म्हणाली. "नुसतं घातलं तर ते सावकाश काम करतं. दिव्याच्या किरणांनी त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे फार भुकेले असतात. रंगाचा कण दिसला की तोडतात. तुटलेला कण रंग दाखवत नाही."

अण्णा टाकीच्या कडेला स्टूल घेऊन बसले. शिरीन थोड्या थोड्या वेळानं काचेच्या बाटलीत पाणी काढून खिडकीत ठेवत होती. पहिली बाटली बिटाच्या रसासारखी. दुसरीही तशीच. जेवणवेळ झाली, खिडकीत बाटल्यांची रांग लागली, आणि सगळ्या एकाच रंगाच्या.

"खरं पानी तसंच हाय," अण्णा म्हणाले.

शिरीन म्हणाली, "हो, खरं आहे."

"खरं औशद घातलंय न्हवं तुमी?"

"खरंच घातलंय, चाचा. खोटं कशाला घालीन?"

आमच्याकडं 'पण' म्हणायच्या ठिकाणी 'खरं' म्हणतात, हे मी तिला समजावून सांगितलं. ती हसली खरी, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. संध्याकाळी तिनं दिवा बंद केला. "पाणी फार गडद आहे. उजेड आतपर्यंत पोचतच नाही. शिवाय तुम्ही रंगात सोडा घालता ना? तो सोडा माझे भुकेले तुकडे मधेच खाऊन टाकतोय. उद्या आधी पाण्याची तयारी करू, मग दिवा."

ती शांतपणे बोलत होती, पण मला व्हरांड्यात उभे असलेले आमचे कामगार दिसायला लागले. घरी फोन करायचं मी टाळलं. अण्णांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

म्हात्र्यांकडं

शेडची जागा अंकुश म्हात्रे यांची. उलव्याकडच्या गावातले, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती आणि मिठागर करणारे. बरीचशी जमीन विमानतळाच्या कामात गेली, आता त्यांच्या दोन-तीन शेड आणि एक तीनमजली घर आहे. आम्ही लॉज शोधतोय म्हटल्यावर त्यांना रागच आला. "लॉजवर कशाला? आमचे घरान जागा नाय का? तुमी शिरीनचे पावने, म्हंजे आमचेबी."

गच्चीवर बसलो होतो तर डोक्यावरून विमान गेलं, इतकं खालून की त्याची चाकं दिसली. बाजूला चार इमारतींचं बांधकाम चाललेलं, आणि त्यांच्या मधल्या एवढ्याशा तुकड्यात कुणीतरी अजून वाल पेरलेला. म्हात्रेकाका बोटानं दाखवत होते, तिकडं आमचं शेत होतं, तिकडं विहीर होती, आता तिकडं धावपट्टी. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. विमान गेलं की मात्र ते न चुकता वर बघायचे.

जेवायला तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण. भाकरी इतकी मऊ आणि पांढरी की अण्णांनी ती दोन बोटांत उचलून वळवून बघितली. आमची ज्वारीची भाकरी ताटात ऐटीत बसते, ही अंग टाकून निजते. मासा बघून अण्णा मागं सरले. मटणावर तुटून पडणारा माणूस, पण काट्याची भीती. "घशात आडकला म्हंजे?"

म्हात्रेकाकांच्या बायको मंदाकाकू काही न बोलता अण्णांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या ताटातला तुकडा उचलून काटे काढले आणि गर परत ठेवला. "आता खावा. काय व्हत नाय." आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. इथं विचारतच नाहीत, सरळ वाढतात. अण्णांनी पहिला घास डोळे मिटून खाल्ला. नंतर ते तुकडे पुढं करत गेले आणि काकू काटे काढत गेल्या. शेवटी अण्णा म्हणाले, "वैनी, आपल्या ओढ्यात पूर्वी मासं असायचं. मी ल्हानपनी धरलेत." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली. मी मान खाली घालून जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी

सकाळी शिरीननं लाल पाण्यात तुरटीसारखं औषध घालून गाळ खाली बसवला, वरचं पाणी गाळून घेतलं. मग थोडं थोडं आम्ल सोडलं. पाणी सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं. "सोडा चालला," ती म्हणाली. मग पेरॉक्साइड, मग दिवा.

अण्णा पुन्हा स्टुलावर. पहिली बाटली खिडकीत आली, कोकम सरबताच्या रंगाची. दुसरी आली, त्याच सरबतात कुणी बर्फ जास्त घातल्यासारखी. नुसता पंपाचा आवाज. त्यानंतरची बाटली शिरीननं अण्णांच्याच हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरली. फिकट गुलाबी. पुढची आली तेव्हा त्यांनी बाटलीमागं आपला तळहात धरला, आणि हातावरची रेघ न्‌ रेघ दिसली.

"गेला की ओ रंग," ते हळूच म्हणाले.

मी बाहेर जाऊन ह्यांना फोन लावला आणि बोलताच येईना. हे घाबरले. "काय झालं? अण्णा बरे आहेत ना?" मी म्हटलं, "बरे आहेत. पाणी पांढरं झालं."

आत आले तर शिरीन त्या पाण्यात पेनासारखं एक यंत्र बुडवून उभी होती. चेहरा आनंदी नव्हता. "ताई, एक सांगायचंय. रंग गेला, पण मीठ आहे तेवढंच आहे. दिवा मिठाला काही करू शकत नाही."

रंग पक्का बसावा म्हणून आम्ही रंगाच्या टाकीत पोत्यांनी मीठ घालतो. हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी डोक्यात फक्त रंग होता.

"चाचा, तुमच्या पानांच्या कडा करपतात ना," शिरीन म्हणाली, "ते बहुतेक मिठानं. रंग नुसता दिसतो."

अण्णांनी बाटली खिडकीत ठेवली. मग त्यांनी विचारलं, "हे सांगितलं कशाला? सांगितलं नसतं तर आज मशीन खपलं असतं तुजं."

"खपलं असतं. आणि सहा महिन्यांनी तुम्ही परत आला असता, तेही काठी घेऊन."

अण्णांनी मान डोलावली. "आलो असतो."

मिठागर

दुपारी म्हात्रेकाका शिरीनसकट आम्हाला गाडीत घालून उरणच्या बाजूला त्यांच्या चुलतभावाच्या मिठागरावर घेऊन गेले. म्हणाले, शेडमध्ये तोंडं पाडून बसण्यापेक्षा वारा खा. खाडीच्या कडेला उथळ चौकोन आखलेले, प्रत्येकात वीतभरही पाणी नाही, आणि कडेला मिठाचे ढीग उन्हात चमकणारे. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मीठ तयार होताना बघितलं. चप्पल काढून बांधावर चालले, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. काका सांगत होते, खाडीचं पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात कसं फिरवायचं, ते हळूहळू दाट कसं होतं, आणि शेवटच्या चौकोनात मीठ कसं धरतं.

मी शिरीनला विचारलं, "आमच्या पाण्यातलं मीठ असं उन्हात नाही का वाळवता येणार?"

"एवढ्या पाण्याला जागा कुठून आणाल?"

"सगळ्या पाण्याला नाही." बोलता बोलता माझं मलाच उलगडत गेलं. मीठ असतं ते पहिल्या, रंगाच्या पाण्यात. त्यानंतर कापड पुन्हा पुन्हा धुतो, ते पाणी कितीतरी जास्त, पण त्यात मीठ थोडंच. आमच्याकडं, आणि आजूबाजूच्या सगळ्याच कारखान्यांत, ही दोन्ही पाणी एकाच गटारात पडतात.

शिरीननं ओढणी सावरली आणि बांधावर उकिडवी बसून काडीनं चिखलात दोन रेघा ओढल्या. "मग वेगळी करा. धुण्याचं पाणी माझ्या दिव्यातून काढा आणि परत धुवायलाच वापरा. उरलेलं पेरॉक्साइड आधी मारावं लागेल, नाहीतर कापडाचा रंग उडेल; ते तुम्हाला येतंच. खारं पाणी थोडं उरेल, ते वाळवा. पण खाली जाड प्लास्टिक घालून. जमिनीत थेंब उतरता कामा नये."

"पावसाल्यान काय करशील?" म्हात्रेकाकांनी विचारलं. "आमी पावसाल्यान मीठ काडत नाय."

"वर पारदर्शक पत्रे," मी म्हटलं.

"आनि मीठ कुटं टाकशीला?" हे अण्णा.

"ते टाकायचं नाही," शिरीन म्हणाली. "पोती भरून रीतसर घातक कचऱ्याच्या जागी पाठवायचं. रंगाला परत वापरता येतं का ते मी बघते, आज शब्द देत नाही."

अण्णांनी पायानं त्या दोन रेघांच्या शेवटी एक आडवी रेघ मारली. "खरं माज्या ओढ्यात काय येनार?"

मी आणि शिरीननं एकमेकींकडं पाहिलं.

"काहीच नाही, अण्णा," मी म्हटलं.

"मग जमलं," ते म्हणाले. "मला तुमचं सोच्छ पानीबी नको. ओढ्याला त्येचं त्येचं पानी हाय."

परतीच्या दिवशी मंदाकाकूंनी सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. अण्णांनी ती शालनकाकूंसाठी म्हणून घेतली आणि पुण्यापर्यंत गाडीला असा वास सुटला की मिसळीला थांबलो तेव्हा चारही काचा उघड्या ठेवल्या. अण्णा म्हणाले, मागच्या खेपेला रक्त, ह्या खेपेला प्रेत, आता त्या हवालदाराला भेटायला नको.

घरी

साहेबांसमोर अण्णा माझ्या बाजूच्या खुर्चीत बसले. त्यांनी सांगितलं, तक्रार मागं घेत नाही, पण मुदत वाढवून द्या, मी स्वतः बघायला जातो. मुदत मिळाली. गटारं वेगळी करायला आम्ही अर्धा कारखाना उकरला. शिरीन यंत्र घेऊन आली तेव्हा अण्णांच्याच घरी उतरली आणि शालनकाकूंनी तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली. ती भाकरी काही गोल झाली नाही.

विहीर एकदम सुधारली असं मी सांगणार नाही. जमिनीत मुरलेलं मीठ निघायला एक-दोन पावसाळे जातील. सध्या अण्णा रोपांना बोअरचं पाणी घालतात, आमच्या खर्चानं, ते ठरलेलं आहे. पण ओढा आता मातीच्या रंगाचा वाहतो.

दिव्यातून फिरवलेल्या पाण्यात आम्ही पहिला लॉट रंगवून धुतला, तो जांभळा. मला धाकधूक होती, छटा बिघडेल की काय. अण्णा ठरल्याप्रमाणे बघायला आले, कापड हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "झंपरापुरतं फाडून द्या. आमच्या हिला दावतो. खोट असली तर ती सोडायची न्हाई."

मग आठवडाभर त्यांच्याकडून काही कळलं नाही. एका दुपारी फोन आला. अण्णांचा नव्हता, शालनकाकूंचा. त्या माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या.

"वैनी," त्या म्हणाल्या, "झंपर तीनदा आपटून धुतला. पानी साफ निगतंय. आता त्याच रंगाचं लुगडं मिळंल का?"